सल्ला : पुढच्या जॅममध्ये एकटीने उतरू की तिच्यासोबत?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पत्र लिहिणारी वाचक प्रोग्रॅमर आहे. काही महिन्यांपूर्वी तिने आणि तिच्या कॉलेजपासूनच्या चित्रकार मैत्रिणीने ४८ तासांच्या एका गेम जॅममध्ये, म्हणजे जाहीर झालेल्या विषयावर ठरलेल्या मुदतीत नवा गेम करण्याच्या स्पर्धेत, भाग घेतला. अंधाऱ्या इमारतीत दिवा घेऊन फिरणारी मुलगी आणि त्या दिव्यातले संपत जाणारे तेल, अशी त्यांच्या गेमची कल्पना होती. ती ठरवण्यात पहिल्या रात्रीचे दोन वाजले. मैत्रिणीने मुलीच्या आणि पाच प्राण्यांच्या हालचाली रंगवल्या, पण गेममध्ये तीनच प्राणी आले. दुसऱ्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, पत्रलेखिकेने पाचपैकी दोन लेव्हल काढून टाकल्या. मैत्रीण तेव्हा झोपली होती. मुदतीला अर्धा तास उरला असताना ब्राउझरमध्ये चढवलेला गेम काळ्या पडद्यावर अडकला, म्हणून शेवटी डाउनलोड करून खेळायची प्रत सादर करावी लागली. एका चित्राच्या फाइलचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होत होते आणि कोडमध्ये ते लहान अक्षराने लिहिले होते, हे कारण नंतर सापडले. गेमला नऊ जणांनी गुण दिले. बहुतेकांनी चित्रांची स्तुती केली, एकाने ‘तेल संपत आले की धडधडायला लागते’ असे लिहिले, कोडचे नाव मात्र कोणीच काढले नाही. तीन आठवड्यांनी पुढची स्पर्धा आहे आणि मैत्रीण ‘पुन्हा करू या’ म्हणते आहे. पत्रलेखिका विचारते : काम मीच जास्त केले असताना या वेळी एकटीने उतरावे का? तिच्यासोबत उतरायचेच असेल, तर सूत्रे माझ्या हाती राहतील अशी अट घालावी का? आणि यातले काहीही तिला न दुखावता कसे सांगावे?

प्रिय वाचक,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात ‘माझा कोड’ आणि ‘माझे तास’ हे शब्द वारंवार येतात, ‘तिची चित्रे’ आणि ‘तिच्या कल्पना’ हेही येतात. ‘आमचा गेम’ मात्र एकदाच येतो, आणि तोही काळ्या पडद्याच्या वाक्यात. हे मी दोष म्हणून दाखवत नाही. दोन दिवस अपुऱ्या झोपेवर काम केल्यावर प्रत्येकाला स्वतःचे कष्ट स्पष्ट आठवतात आणि दुसऱ्याचे पुसट होतात. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या वाटणीवर उभी आहेत, म्हणून आधी या वाटणीकडेच पाहू.

‘काम मीच जास्त केले’ या वाक्यापासून सुरुवात करतो. तुमच्या गेममधली मुलगी चारही दिशांना चालते. डावीकडचे चालणे आरशासारखे उलटवून उजवीकडे वापरता येते, म्हणजे तीन दिशा रंगवाव्या लागतात. एका दिशेला पावलांची सहा चित्रे धरली, तर एका मुलीची १८ चित्रे होतात. पाच प्राण्यांसाठी हाच हिशेब लावला, तर आणखी ९०. नुसते उभे राहणे, दचकणे, दिवा विझणे हे सारे वेगळेच. गेममध्ये न आलेल्या दोन प्राण्यांचीच ३६ चित्रे झाली. एका चित्राला पाच मिनिटे लागली असे मानले, तरी तुमच्या मैत्रिणीचे तीन तास असे गेले की ते कोणालाही कधीच दिसणार नाहीत. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, खरे आकडे तिच्याकडे असतील. ते तुम्ही तिला विचारले आहेत का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

तुमच्या कोडचे नाव कोणी काढले नाही, हे तुम्हाला लागले आहे, आणि ते लागणे मला पूर्ण समजते. रात्रभर जागून केलेली गोष्ट नीट चालते आणि नीट चालते म्हणूनच ती कोणाच्या लक्षात येत नाही, हा प्रोग्रॅमरच्या वाट्याला नेहमी येणारा अनुभव आहे. तरीही त्या नऊ अभिप्रायांतला एक पुन्हा वाचा. तेल संपत आले की धडधडते, असे लिहिणारा माणूस कशाबद्दल बोलत होता? तेल किती वेगाने कमी व्हावे, उजेडाचे वर्तुळ कोणत्या क्षणी आक्रसायला लागावे, शेवटच्या थेंबावर खेळणाऱ्याला किती सेकंद मिळावेत, हे सगळे आकडे तुम्ही लिहिले होते. ती दाद तुमच्या कामाला होती, फक्त त्या माणसाला त्या कामाचे नाव ठाऊक नव्हते.

आता पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबलो, त्याकडे येतो. ‘ती झोपली होती आणि वेळ नव्हता, म्हणून दोन लेव्हल मी काढल्या,’ असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. त्या काढणे बहुधा योग्यच होते. पाच अर्धवट लेव्हलपेक्षा तीन पूर्ण लेव्हल केव्हाही बऱ्या. पण सकाळी उठून तिने गेम उघडला असेल, तेव्हा काय झाले असेल, हे एकदा डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या लेव्हलचे दार उघडते आणि थेट शेवटचा पडदा येतो. ज्या जागा तिने रंगवल्या, त्या तिथे नाहीत, आणि त्या का नाहीत हे सांगणारी चिठ्ठीसुद्धा नाही. ती त्या वेळी काय म्हणाली, हे तुमच्या पत्रात नाही. ती काहीच म्हणाली नसेल, तर राग तुमच्या एकटीच्याच मनात राहिला आहे असे समजू नका. एवढे होऊनही ती ‘पुन्हा करू या’ म्हणते आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली ही सर्वांत मोलाची माहिती आहे.

म्हणून, कष्ट कोणाचे जास्त हा तुमच्या जोडीचा मूळ प्रश्न नव्हे, असे मला वाटते. कोणती गोष्ट कोणी ठरवायची आणि कधी थांबायचे, हे घड्याळ सुरू होण्यापूर्वी तुम्ही बोललाच नाहीत. पहिल्या रात्रीचे दोन वाजणे, न वापरलेले प्राणी, काढलेल्या लेव्हल आणि शेवटच्या अर्ध्या तासातला काळा पडदा, या चारही गोष्टी त्या एका न झालेल्या संभाषणातून आल्या आहेत.

एकटीने उतरण्याचा पर्याय मी हलक्यात काढणार नाही. २००२ पासून चालत आलेल्या ‘लुडम डेअर’ या ऑनलाइन गेम जॅममध्ये एकट्याने ४८ तासांत सगळे स्वतः घडवण्याचा एक विभाग आणि संघांना ७२ तास देणारा दुसरा विभाग, अशी रचना वर्षानुवर्षे राहिली आहे, म्हणजे एकट्याने करणे ही कमी प्रतीची गोष्ट कधीच मानली गेली नाही. ‘बाबा इज यू’ हा कोड्यांचा गेम आर्वी तेइकारी यांनी २०१७ च्या ‘नॉर्डिक गेम जॅम’मध्ये प्रथम केला आणि पुढे वाढवून २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. नियम लिहिलेले ठोकळे ढकलून गेमचे नियमच बदलायचे, ही त्यातली कल्पना साध्या चित्रांवर उभी राहते, आणि अशी कल्पना एका डोक्यात जास्त लवकर पक्की होऊ शकते. तुमच्या मनात सध्या अशी एखादी कल्पना घोळत असेल, तर जरूर एकटीने उतरा. एकदा स्वतः पावलांची सहा चित्रे काढून पाहण्याचाही उपयोग होईल. पुढच्या वेळी ‘अजून एक प्राणी टाकू’ असे म्हणताना तुमचा हात आपोआप आखडेल.

पण एकटीने उतरण्याचे तुम्ही दिलेले कारण वेगळे आहे. ‘निदान गेम पूर्ण तरी होईल,’ असे तुम्ही म्हणता. ४८ तासांतून झोपेचे १४ आणि जेवणखाण व आंघोळीचे सहा तास वजा केले, तर हातात २८ उरतात. त्यांत कोड, चित्रे, आवाज, लेव्हलची मांडणी, तपासणी आणि स्पर्धेच्या पानावरचे वर्णन हे सगळे एकट्या तुमच्यावर येईल. मागच्या वेळी दोघींचे मिळून ५६ तास होते आणि तरीही कल्पना हाताबाहेर गेली. कल्पना आवरायची सवय नसेल, तर माणसे कमी केल्याने ती आवरली जात नाही.

दोघांच्या बाजूनेही उदाहरणे आहेत. ‘सेलेस्ट’ हा गेम २०१८ मध्ये आला तेव्हा त्यामागे मोठा संघ होता, पण त्याचे मूळ रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी चार दिवसांत केले होते, तेही ‘पिको-८’ या छोटे गेम करण्याच्या प्रणालीत, १२८ बाय १२८ ठिपक्यांच्या आणि १६ रंगांच्या छोट्या चौकटीत. मला यातली चौकट फार महत्त्वाची वाटते. एवढ्याशा पडद्यावर फार काही मावतच नाही, त्यामुळे काय सोडायचे यावरचे निम्मे वाद सुरूच होत नाहीत. दुसरे उदाहरण तुमच्या मनाला जास्त जवळचे वाटेल. ‘हॉलो नाइट’ हा गेम करणारे एरी गिब्सन आणि विल्यम पेलन यांनी २०१३ च्या ‘लुडम डेअर’मध्ये एक लहानसा गेम सादर केला. पुढे ‘पृष्ठभागाखाली’ अशा अर्थाचा विषय असलेल्या जॅमसाठी ते कामाला लागले, तेव्हा त्यांची मुदत हुकली. पण त्या विषयातून सुचलेली जमिनीखालची जुनी राजवट आणि कीटकांची पात्रे पुढे २०१७ मध्ये आलेल्या ‘हॉलो नाइट’मध्ये उतरली. तुम्ही मुदत तर गाठली होती. ज्या जोडीला एकदा अडखळायला झाले ती जोडी निकामी, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका.

सूत्रे आपल्या हाती ठेवण्याची अट मात्र घालू नका, असे मी स्पष्ट सांगेन. पाच जणांच्या संघात नेता लागतो. दोघांत बहुमत नसते. तिथे एक जण नेता झाला की दुसरा मदतनीस होतो, आणि स्वतःची सुटी खर्चून, पैसे न घेता मदतनीस व्हायला कोणतीही मैत्रीण फार काळ येणार नाही. त्याऐवजी शेवटचा शब्द वाटून घ्या. गेम हाताला कसा लागतो, म्हणजे चालण्याचा वेग, उडी, तेलाचे आकडे, यांत शेवटचा शब्द तुमचा. डोळ्यांना जे दिसते त्यात तिचा. एखादी गोष्ट गेममधून काढायची असेल, तर दोघींचा. त्यासाठी झोपेतून उठवावे लागले तरी उठवायचे, हे आधीच कबूल करून ठेवा. पहाटे चारला हलवून ‘दोन लेव्हल जातायत, कोणत्या?’ असे विचारले, तर ती पाच मिनिटे कुरकुर करेल आणि सांगेल. न विचारता काढलेली लेव्हल पुढे कित्येक महिने सलत राहते.

आता वेळेबद्दल. माझे म्हणणे असे की विषय जाहीर झाल्यावर कल्पनेला तीन तास द्यावेत आणि तिसरा तास संपताच हाती जी सर्वांत सोपी कल्पना असेल ती घ्यावी, मग ती दोघींपैकी कोणाचीही असो. त्यानंतर बाराव्या तासापर्यंत गेम सुरुवातीपासून शेवटापर्यंत खेळता आला पाहिजे, कितीही कुरूप असला तरी. करड्या जमिनीवर एक पिवळा चौकोन सरकतो आहे, त्याच्याभोवती फिकट वर्तुळ लहान होत चालले आहे, एका काळ्या चौकोनाला तो शिवला की ‘जिंकलात’ असे शब्द येतात : बस, एवढेच. मी स्वतः एका जॅममध्ये पहिले सहा तास सुरुवातीचा मेनू सजवण्यात घालवले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कळले की मेनूच्या मागचा गेमच कंटाळवाणा आहे. तेव्हा तो बदलायला उशीर झाला होता. पिवळ्या चौकोनाने ते पहिल्याच रात्री सांगितले असते. त्या चौकोनाला पळवताना गंमत वाटली नाही, तर चित्रे चढवल्यावरही वाटणार नाही. आणि गंमत वाटली, तर तुमच्या मैत्रिणीला नेमके ठाऊक असेल की आपले कोणतेही चित्र आता वाया जाणार नाही. चित्रकाराच्या कष्टांची कदर करण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. प्राणी एकच रंगवायचा, तो गेममध्ये फिरू लागला की दुसरा.

चोविसाव्या तासाच्या आसपास, ज्याने गेमबद्दल काहीही ऐकलेले नाही अशा एखाद्या माणसाला तो खेळायला द्या आणि दोघींनी शेजारी गप्प बसा. कुठे काय दाबायचे हे सांगण्याचा मोह आवरा. तो जिथे अडकेल तिथेच स्पर्धेतले खेळणारेही अडकतील, आणि त्या वेळी तुम्ही त्यांच्या शेजारी नसाल. छत्तिसाव्या तासानंतर नवे काहीही घ्यायचे नाही, ही मर्यादा दोघींनी पाळायची. त्यानंतरचा वेळ बग, आवाज आणि सादरीकरणासाठी आहे. आवाजासाठी तिसऱ्या माणसाची वाट पाहू नका. २००७ मध्ये एका ‘लुडम डेअर’साठीच तयार झालेले ‘एसएफएक्सआर’ आणि त्यावरून निघालेली साधने बटणे दाबत उडीचे, धडकेचे, नाण्याचे आवाज मिनिटभरात काढून देतात. दुसऱ्यांनी केलेले संगीत किंवा चित्र घेणार असाल, तर त्याचा परवाना आणि स्पर्धेचा नियम दोन्ही वाचा. कुठे नुसता नामोल्लेख पुरतो, कुठे संगीत किंवा चित्रे यांसाठी वेगळे मिळणारे गुण सोडून द्यावे लागतात.

काळ्या पडद्याबद्दल तुम्ही स्वतःला फार बोल लावला आहे, तो कमी करा. विंडोजवर फाइलच्या नावातले मोठे आणि लहान अक्षर एकच मानले जाते, म्हणून तुमच्या संगणकावर सगळे सुरळीत चालले. वेबवरचे सर्व्हर बहुधा तसे मानत नाहीत. ही चूक भल्याभल्यांकडून होते. उपाय इतकाच की सगळ्या फाइलींची नावे लहान अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवायची, आणि पहिल्याच रात्री तो पिवळा चौकोन स्पर्धेच्या पानावर चढवून ब्राउझरमध्ये, शक्य तर दुसऱ्याच्या संगणकावर, उघडून पाहायचा. ब्राउझर पहिल्या क्लिकपर्यंत आवाज वाजू देत नाहीत, हेही त्याच वेळी लक्षात येते. ‘सुरू करा’ हे एक बटण ठेवले की तो प्रश्न मिटतो. नऊच जणांनी गुण दिले यामागे डाउनलोडचा मोठा वाटा असणार. अनोळखी फाइल उतरवून चालवायला पुष्कळ लोक धजत नाहीत, आणि ज्यांच्यापुढे शेकडो गेम आहेत ते पुढच्या गेमकडे वळतात. सादर केल्यानंतरच्या दिवसांत तुम्ही दोघींनी इतरांचे गेम खेळून मनापासून अभिप्राय दिलेत, तर त्यांतले बरेच जण तुमच्याकडेही येतील. ‘लुडम डेअर’मध्ये तर साधारण २० जणांचे गुण मिळाल्याशिवाय क्रमांकच लागत नाही.

दोघींनी एकाच प्रकल्पावर काम करताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. गिट, म्हणजे फाइलींतले जुने-नवे बदल जपून ठेवणारी प्रणाली, वापरत असलात, तरी एकच सीन फाइल, म्हणजे गेममधल्या एका दृश्याची मांडणी असलेली फाइल, दोघींनी एकाच वेळी बदलली, तर ते बदल जुळवताना रात्र जाते. प्रत्येक लेव्हलची फाइल वेगळी ठेवा आणि त्या तासाला ती कोणाच्या ताब्यात आहे हे मोठ्याने सांगा. तुमच्या पिवळ्या चौकोनाचे माप आणि फाइलचे नाव सुरुवातीलाच तिच्याशी ठरवून घ्या, ३२ बाय ३२ ठिपके म्हणा. मग तिचे चित्र त्याच नावाने त्या जागी ठेवले की कोडला हात न लावता चौकोनाची मुलगी होते. तिला तुमच्यासाठी थांबावे लागत नाही, तुम्हाला तिच्यासाठी.

तुमचा तिसरा प्रश्न, तिला सांगायचे कसे. फोनवर किंवा समोर बसून सांगा. मेसेजमध्ये ही गोष्ट कोरडी वाटेल. सुरुवात अटींनी करू नका, त्या पहाटेने करा. साधारण असे म्हणता येईल : ‘मागच्या वेळी तू झोपलेली असताना मी तुला न विचारता दोन लेव्हल काढल्या. मला तुला उठवायला हवे होते. मलाही नंतर वाईट वाटत राहिले, कारण माझ्या कामाबद्दल कोणीच काही बोलले नाही. पुन्हा करायचे तर मला आवडेल, पण त्याआधी काय कोणी ठरवायचे ते बोलू या.’ यात तुमची कबुली आहे आणि तुमची तक्रारही आहे. तक्रार गिळून टाका, असे मी मुळीच म्हणत नाही. ती कबुलीच्या पाठोपाठ आली की ऐकली जाते. मग तिला एकच प्रश्न विचारा, तिच्या दृष्टीने त्या ४८ तासांतला सर्वांत वाईट तास कोणता होता. आणि ती सांगत असताना मध्ये खुलासा करू नका. तिचे उत्तर ऐकूनही तुम्हाला एकटीनेच उतरावेसे वाटले, तर ‘या वेळी मला एकटीने करून पाहायचे आहे’ असे सरळ सांगा. त्यासाठी तिच्या उणिवा मोजून दाखवण्याची गरज नाही.

स्पर्धेला तीन आठवडे आहेत आणि त्याआधी एक संध्याकाळ तुमच्याकडे नक्की निघेल. स्पर्धेत सादर केलेली प्रत आहे तशी राहू द्या आणि तिच्या शेजारी नवी आवृत्ती करायला घ्या. त्या चित्राच्या फाइलचे नाव बदलायला एक मिनिट लागेल. काढलेल्या त्या दोन लेव्हल गिटमध्ये अजून असतील. त्या परत जोडा, आणि न वापरलेल्या दोन प्राण्यांपैकी कोणता आधी गेममध्ये आणायचा, हे तिला ठरवू द्या. तेलाचे आकडे तुम्ही ठरवा. मग दोघींनी तो ब्राउझरमध्ये उघडून शेवटपर्यंत खेळा, आणि एकत्र उतरायचे की नाही, हे त्यानंतर तिथेच बसून ठरवा.